नोंदवहीतला ओलोफ

तालोसा, ३ मार्च १८५४

सिग्रिद,

तुला अक्षरही लिहायचं नाही असं मी दीड वर्षापूर्वी ठरवलं होतं, आणि माझा हट्ट तुला ठाऊक आहे. पण काल तुझ्या घरी जे झालं ते तुला कोणीतरी तिखटमीठ लावून सांगणारच. त्यापेक्षा मी सांगते. सुयाकंगवे विकणारी वाल्पुरी आज तुझ्या बाजूला निघाली आहे. ती फिनिश आहे, तिला आपली स्वीडिश भाषा वाचता येत नाही. तू कुठे आहेस ते मी या कागदावर लिहिणार नाही आणि तूही तुझ्या उत्तरात लिहू नकोस.

काल सकाळी गोठ्यातली कामं आटपत होती तेवढ्यात पाळक नोरेउस आणि फौजदार वेस्टिन बर्फगाडीतून तुमच्या दारात उतरले. पाळकांनी बाप्तिस्म्याचं चांदीचं भांडं घोंगडीत गुंडाळून आणलं होतं. पाणीसुद्धा घरून आणलं होतं, कोमट, बुचाच्या बाटलीत. तुझ्या शेजारणीने, मालिनने, मला धावत येऊन बोलावलं म्हणून मी पोचले. पाळणा रिकामा. तुझा यॉन्स खिडकीशी बसून बुटाला तळवा शिवत होता.

फौजदार म्हणाला, "मूल कुठंय?"

"आईजवळ."

"आई कुठंय?"

"मुलाजवळ."

सिग्रिद, मला हसू आलं. येऊ नये तिथे आलं. त्या वेस्टिनने काठीने भट्टीत ढोसून पाहिलं, जसं काही तू पोराला भाजायला ठेवलं आहेस. मग त्याने यॉन्सला उठ म्हटलं. यॉन्स म्हणाला, "हा बूट पुरा करू द्या. म्हातारीला एकच जोड आहे, ती उद्या अनवाणी चर्चला कशी जाईल?" आणि खरंच सगळे थांबले. पाळक, फौजदार, मी, दारातली माणसं. त्याने टाके घातले, दोरा दाताने तोडला आणि मग गाडीत जाऊन बसला. त्याला जिल्ह्याच्या गावी नेलंय. पाण्या-भाकरीवर ठेवणार. मूल हजर केलंस तर सुटका, नाहीतर नाही.

आता माझं ऐक. आठ दिवसांच्या आत बाप्तिस्मा हा राजाचा कायदा आहे, आणि तुझा नातान सहा आठवड्यांचा झाला. तुम्ही बुडीवाले म्हणता, मोठं होऊन ज्याने त्याने स्वतः ठरवावं आणि स्वतः बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरावं. म्हणा. पण लेकरू काय ठरवणार? उद्या त्याला घटसर्प झाला तर? तुला मूल झालं त्या दिवशी तू कळा देत असताना माझ्याकडून वचन घेतलंस, की काही झालं तरी गुनिल्ला, पाणी घालायचं नाहीस. मी हो म्हटलं. कळा देणाऱ्या बाईला सुईण कशालाही हो म्हणते.

पाळण्यात मी कात्री ठेवली होती, तीही तू फेकलीस. बिनबाप्तिस्म्याच्या पोराला भुताखेतांनी नेऊ नये म्हणून जवळ पोलाद ठेवतात हे आपल्या आईने तुलाही शिकवलं होतं.

घेऊन ये त्याला. थेंबभर पाण्याने तुझा देव बुडणार नाही.

गुनिल्ला


तालोसा, १३ मार्च १८५४

सिग्रिद,

तुझी चिठ्ठी पोचली. तीन ओळी, त्यात दोन वचनं बायबलातली. उरलेल्या एका ओळीत तू विचारतेस, यॉन्स कसा आहे.

मी शनिवारी गेले होते. लाकडं वाहणाऱ्याच्या गाडीवर बसून जाईपर्यंत हाडं खिळखिळी झाली. त्याला कोठडीत पाहिलं. खोकतो आहे. तो सुरुवातीपासून छातीचा नाजूक, हे मी लग्नाच्या वेळी म्हटलं तेव्हा तू आठवडाभर फुगून बसली होतीस. आता तो खोकताना भिंतीला हात लावतो. मी लोणी लावलेली भाकरी नेली होती, ती पहारेकऱ्याने आत जाऊ दिली नाही. नुसती पाण्या-भाकरीचीच शिक्षा आहे म्हणे, लोणी लावलं की ती शिक्षा राहत नाही.

पहारेकऱ्याने मला काय सांगितलं ते ऐक. गेल्या बुधवारी तो कडी लावायला विसरला. तुझा नवरा सताड उघड्या दारापाशी उभा राहून त्याला हाका मारत होता, "अहो, तुमचं दार राहिलंय!" पहारेकरी मला म्हणाला, "बाई, असला कैदी आयुष्यात पाहिला नाही. याला आत ठेवायची मला लाज वाटते आणि सोडायची भीती."

मी यॉन्सला म्हटलं, "सिग्रिदला निरोप देऊ का, पोराला आणायचा?"

तो म्हणाला, "गुनिल्लाताई, नको. एकदा त्यांनी जबरदस्तीने घातलेलं पाणी मी मान्य केलं, की उद्या ते म्हणतील तुमचं बुडणंही खोटं, तुमचं लग्नही खोटं. मी इथं बरा आहे." आणि पुन्हा भिंतीला हात.

तो बरा नाही. मी माणसं जन्मताना पाहते तशी मरतानाही पाहिली आहेत. असा खोकला पाहिला आहे मी.

आता इथलं. काल आपल्या वस्तीची वार्षिक परीक्षा झाली. सगळी वस्ती लार्सच्या मोठ्या खोलीत बाकांवर दाटीवाटीने बसलेली, आत त्याच्या बायकोची हेरिंग मासळी आणि बटाट्याची तयारी, आणि पाळक वही उघडून एकेकाला धर्मप्रश्न विचारत चाललेले. लार्सला दहा आज्ञांतली चौथी येत नाही, दरवर्षीप्रमाणे. मग माझं नाव घेतलं.

"गुनिल्ला ओलोफची मुलगी. बाप्तिस्म्याने काय मिळतं?"

मी घडाघडा म्हटलं. पापांची क्षमा, मरण आणि सैतान यांपासून सुटका, सार्वकालिक तारण. शब्द चुकला नाही.

मग पाळक वही मिटून म्हणाले, "आणि तुझ्या बहिणीचं मूल या घटकेला मेलं, तर?"

मी म्हटलं, "पाळकसाहेब, मी मुलांना आत आणते. पुढचा रस्ता दाखवायचं काम तुमचं." काही जण हसले. पाळक हसले नाहीत. तोंड लहान मुलासारखं झालं त्यांचं. तू त्यांना राक्षस समजतेस, पण त्यांची स्वतःची दोन लेकरं एका हिवाळ्यात गेली, दोन्ही माझ्या हातून आलेली. त्या माणसाला तुला छळायचं नाहीये गं. तो तुझ्या पोरासाठी घाबरला आहे. घाबरलेल्या माणसाच्या हाती फौजदार असला की काय होतं ते आपण बघतोय.

जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "शेजारच्या परगण्यातल्या सगळ्या पाळकांना पत्रं गेली आहेत. जंगलातल्या घरांचाही शोध होईल. मूल सापडलं की तिथेच बाप्तिस्मा होईल, आईला धरून ठेवावं लागलं तरी." तुला धरून ठेवतील, सिग्रिद. दोन माणसं तुझे हात धरतील आणि तिसरा पोराला हिसकावून घेईल.

मला खुर्चीत बसवत नाही. सूत कातायला घेते, सोडते. काल कॉफी दोनदा भाजली, दोन्हीदा जाळली. तू मला बहीण मानत नाहीस हे मला माहीत आहे. तू मानत नसलीस म्हणून माझं सुटलं असं होत नाही ना.

गुनिल्ला


तालोसा, २१ मार्च १८५४

सिग्रिद,

यॉन्स सुटला. आधी हे वाच, मग खालचं. तो परवा घरी पोचला, मालिन त्याला गरम दूध पाजते आहे. कोणी तुला शोधत नाही. तू पोराला घेऊन उघड्या रस्त्याने घरी येऊ शकतेस.

आता कसं ते सांगते. बसून वाच.

नातान जन्मला तेव्हा निळा पडला होता, हे मी तुला नीट कधी सांगितलं नाही. नाळ मानेभोवती होती. तू तेव्हा शुद्धीवर नव्हतीस. घरात आपण दोघीच. यॉन्स मालिनला आणायला गेला होता. अशा वेळी सुईणीने काय करायचं ते आम्हाला स्टॉकहोममध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात. मूल जातंय असं दिसलं तर पाळकाची वाट पाहायची नाही, सुईणीने स्वतः पाणी घालायचं. तो बाप्तिस्मा पक्का असतो. पाळकाने घातल्याइतका पक्का, दुसऱ्यांदा कोणी घालत नाही.

मी घातला.

गेल्या गुरुवारी मी पाळकांच्या घरी गेले आणि त्यांना हे सांगितलं. त्यांनी मला अभ्यासाच्या खोलीत बायबलावर हात ठेवायला लावला आणि रीतीप्रमाणे प्रश्न विचारले.

"पाणी होतं?"

"तांब्याच्या भांड्यात. पोराला धुण्यासाठी तापवलेलं."

"शब्द कोणते उच्चारलेस?"

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. तीन नावांना तीन वेळा पाणी."

"साक्षीला कोण?"

"कोणी नाही. आई शुद्धीवर नव्हती."

"नाव काय ठेवलंस?"

इथे मी अडखळले. मग म्हटलं, "ओलोफ." आपल्या वडिलांचं. पाळकांनी मोठी नोंदवही काढली आणि तुझ्या पोराला ओलोफ म्हणून लिहून टाकलं. तेव्हा घरात नातान आणि चर्चच्या पुस्तकात ओलोफ.

लिहून झाल्यावर ते रडले, सिग्रिद. लेखणी हातात तशीच. "देवाची कृपा, देवाची कृपा," म्हणत होते. मग रडणं थांबलं आणि राग आला. "आठ आठवडे गप्प बसलीस? तिकडे तो माणूस कोठडीत खोकतोय, इथे मी भांडं घेऊन दारोदार फिरतोय!"

मी म्हटलं, "बहिणीला वचन दिलं होतं, पाणी घालणार नाही म्हणून. मोडलेलं वचन कोण आपण होऊन सांगतं?"

सुईणपण माझ्याकडून काढून घेतलं आहे, थंडीपर्यंत तरी. पुढे चर्चची सभा ठरवेल. ते असो. मूल बाप्तिस्म्याचं ठरलं म्हटल्यावर यॉन्सचा गुन्हा राहिला नाही, फौजदाराने स्वतः त्याला गाडीतून आणून सोडलं आणि जाताना म्हणाला, "तुमच्या घरच्या बायकांनी आधीच तोंड उघडलं असतं तर माझे घोडे थकले नसते."

झालं ते असं आहे. रागवायचं असेल तर घरी येऊन रागाव.

गुनिल्ला


तालोसा, ४ एप्रिल १८५४

सिग्रिद,

तू आलीस हे मला तुझ्या धुराड्यावरून कळलं. सकाळी मी दुधाची चरवी घेऊन आले, तर तू दार उघडलं नाहीस. मालिनच्या हाती चिठ्ठी दिलीस.

"शुद्धीवर येताच मी तुला विचारलं होतं. तू 'नाही' म्हणालीस. माझ्या तोंडावर खोटं बोललीस, माझ्या लेकरावर तुझ्या चर्चचा शिक्का मारलास, आणि वर दूध घेऊन येतेस. यापुढे माझ्या दारात येऊ नकोस."

मी ती पुन्हा पुन्हा वाचली. तुझं अक्षर सुधारलं आहे. रागात माणूस नीट लिहितो.

हो, तू विचारलं होतंस. हो, मी नाही म्हणाले होते. यावर मला आणखी काही बोलायचं नाही, आणि तू बोलावलंस तरी बोलता येणार नाही. येत नाही दारात. दूध मालिनकडे ठेवत जाईन, ते तिच्या गाईचं आहे असं समजून पी. तुझं अंगावरचं कमी आहे हे मला न बघताही कळतं, पोर कसं रडतं त्यावरून.

गुनिल्ला


तालोसा, १० सप्टेंबर १८५४

सिग्रिद,

हे पत्र तू वाचणार नाहीस. मागची दोन न फोडता परत आली. तरी लिहिते, कारण बोलायला कोणी नाही.

पोर बसायला लागलं. मी तळ्याच्या अलीकडून पाहिलं, तुम्ही सगळे जण तिकडे गवत उलटवत होता तेव्हा. टोपी मोठी होते आहे त्याला, डोळ्यांवर येते.

माझी गंमत सांगू? चर्चला जाते तर बायका बाकावर सरकून जागा देतात, मग कानाशी येऊन म्हणतात, "बरं केलंस हो गुनिल्ला, बहीण असली तरी धर्म धर्म असतो." मला त्यांची जीभ उपटावीशी वाटते. बाहेर पडते तर तुमचे बुडीवाले भाऊबहीण रस्ता ओलांडून पलीकडून जातात. त्यांची तरी काय चूक? धोब्याचं कुत्रं झालंय माझं.

सुईणपण काढलं म्हणून बाया जन्म द्यायच्या थांबत नाहीत. कळा आल्या की मलाच बोलावतात, आणि पाळक दुसरीकडे बघतात. जूनमध्ये वरच्या वस्तीतल्या एकीचं मूल आलं ते जाण्यासाठीच आलं होतं. मी त्याच्यावर पाणी घातलं, तीनदा, शब्द म्हटले. त्या बाईने माझा हात हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं. घरी येऊन मी जी रडले ती दुपार सरेपर्यंत. का, ते तुला सांगत नाही.

आणि तुझा नवरा आला होता. तुला माहीत नसेल. गेल्या मंगळवारी सकाळी, टोपी हातात घेऊन. बसा म्हटलं तर बसला नाही.

"गुनिल्लाताई, सिग्रिद म्हणते तुम्ही घातलंत. पाळक म्हणतात घातलंत. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. माझ्या डोळ्यांत बघून सांगा."

मी बघितलं. त्याचे डोळे तसे चांगले आहेत, निळे आणि जरा पाणावलेले, तुरुंगातून आल्यापासून जास्तच. मी म्हटलं, "हो. घातलं."

"देव तुम्हाला क्षमा करो," तो म्हणाला. "मीही करायचा प्रयत्न करतोय. अजून जमलं नाही, खोटं कशाला बोलू?"

मग त्याची नजर माझ्या बुटावर गेली. तळवा पुढून सुटला होता, महिनाभर मी दोरीने बांधून चालवत होते. तो तिथेच पायरीवर बसला, खिशातून आरी काढली आणि बूट शिवून दिला. फाटका बूट पाहून त्याला पुढे जाता येत नाही, मग तो कोणाचा का असेना.

तू चांगल्या माणसाशी लग्न केलंस. मी तेव्हा जे बोलले होते, तू बुडी घेऊन तळ्यातून ओलीचिंब बाहेर आलीस तेव्हा, लोकांसमोर, की "मोच्याच्या नादाने बुडालीस", ते मी परत घेते. कागदावर घेते, तू वाचणार नसलीस तरी.

गुनिल्ला


तालोसा, १९ मे १८५७

सिग्रिद,

पाकिटावर 'जहाज सुटल्यावर उघड' असं लिहिलंय. तू हट्टी असलीस तरी सांगितलेलं पाळणारी आहेस. म्हणजे आता अमेरिकेच्या वाटेवर चहूकडे पाणी असेल आणि परत फिरायला वाट नसेल. हे मला तसंच हवं होतं. पेटीत कडक भाकरीच्या थप्पीखाली हे यॉन्सच ठेवणार आहे, आत काय आहे ते न विचारता.

मी नातानला बाप्तिस्मा दिलेला नाही. जन्माच्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही.

पुन्हा वाचायचं असेल तर वाच. मी थांबते.

तो निळा आला, ते खरं. नाळ मानेभोवती होती, तेही खरं. तांब्याचं भांडं शेजारी होतं आणि माझा हात त्यात मनगटापर्यंत गेला होता. पहिला शब्द ओठांवर आला होता. तू डोळे मिटून पडली होतीस आणि मी तुला हो म्हटलं होतं. कळा देणाऱ्या बाईला सुईण कशालाही हो म्हणते असं मी तुला लिहिलं होतं ना, ते बढाईचं होतं. तुला म्हटलेलं हो मला मोडता येईना. मी हात बाहेर काढला, फडक्याला पुसला आणि त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकत राहिले. किती वेळ कोण जाणे. माझी श्रद्धा तुझ्यासारखी नाही, सिग्रिद. मी त्या परीक्षेत जे घडाघडा म्हटलं त्यावर माझा विश्वास आहे. तो त्या वेळी गेला असता तर मी माझ्या बहिणीच्या लेकराला अंधारात ढकललं असतं, पाणी वीतभर अंतरावर असताना. फुंकताना मला ते सगळं कळत होतं.

तो रडला. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "पाणी?" मी नाही म्हणाले. ते माझं खरं उत्तर होतं.

खोटं मी पुढे बोलले, पाळकांच्या खोलीत, बायबलावर हात ठेवून. यॉन्सचा खोकला ऐकून आल्यावर दुसरं काही सुचलं नाही. भांडं खरं, कोमट पाणी खरं, तुझी बेशुद्धी खरी. त्यात मी फक्त तीन ओंजळी आणि एक नाव घातलं. नावाचा विचार केला नव्हता, म्हणून अडखळले. पाळक रडले ना, तेव्हा वाटलं सांगून टाकावं. त्यांच्या दोन पोरांच्या अंगावर त्यांनी स्वतः पाणी घातलं होतं. त्या माणसाची तीन वर्षांची शांत झोप माझ्या खोट्यावर उभी आहे.

तुला का नाही सांगितलं? कारण तुम्ही लोक असे आहात. उघड्या दारापाशी उभं राहून पहारेकऱ्याला बोलावणारा माणूस, त्याला जर कळलं असतं की पुस्तकात खोटं लिहिलंय आणि त्या खोट्याने आपण सुटलोय, तर तो त्याच पावली पाळकांच्या घरी गेला असता. "साहेब, वही दुरुस्त करा आणि मला पुन्हा आत घाला." आणि त्यांनी घातलं असतं. तुला सांगितलं असतं तर तू त्याच्यापासून आठवडाभरही लपवू शकली नसतीस. तू कधी काही लपवलंस का आयुष्यात? तेव्हा दोघांनाही मला शिव्या द्यायला मोकळं सोडलं. तो माझ्या पायरीवर बसून बूट शिवत होता तेव्हा मी ओठ इतके चावले की रक्त आलं.

मला राग आला नाही असं समजू नकोस. खूप आला. तीन वर्षं दारात उभं न करणाऱ्या बहिणीचा, आणि जिचं वचन पाळलं तिनेच वचन मोडणारी ठरवल्याचा. कधी कधी वाटायचं, ओरडून सांगावं तळ्यावरून.

आता यॉन्सला दाखव. त्याला तिकडून पाळकांना लिहावंसं वाटलं तर लिहू दे. तो लिहील, मला माहीत आहे. मी उत्तर द्यायला तयार आहे, सुईणपण गेलं तर जाऊ दे, कोठडीही काही नवी जागा नाही, पाहिलेली आहे. फक्त त्याला सांग, त्याला मला क्षमा करणं जमत नव्हतं ना, ती आता करायची गरज नाही. दुसऱ्या गोष्टीसाठी, त्या खोट्या शपथेसाठी, हवी तर करू दे.

तुझं पोर तुला हवं होतं तसंच आहे. एक थेंब लागलेला नाही त्याला. तो मोठा होईल, स्वतः ठरवेल आणि स्वतः त्या तुमच्या अमेरिकेतल्या एखाद्या नदीत उतरेल, तेव्हा त्याला लागणारं ते पहिलं पाणी असेल. ते मी तुझ्यासाठी राखलं. माझ्या मनाविरुद्ध राखलं, रोज भीत भीत राखलं. तो तापला की मालिनकडे तीनतीनदा चौकशी करून यायचे, ती म्हणायची, "तुला काय गं एवढं, तू तर त्याला पाणी घातलंयस."

आता तू समुद्रावर आहेस आणि मला मालिनही नाही विचारायला. वाटेत लोक तापाने जातात, ऐकलंय मी. त्याला डेकवरच्या वाऱ्यात बसवू नकोस. उकळल्याशिवाय पाणी देऊ नकोस.

आणि तो नदीत उतरला की त्याच दिवशी मला लिही. तो वीस वर्षांचा झाल्यावर उतरला तरी मी वाट बघेन. पण जमलं तर, सिग्रिद, जरा लवकर उतरू दे त्याला. मला झोप लागत नाही.

गुनिल्ला